खालचा खण सोलरूनचा

२६ फेब्रुवारी २००७

सोलरून,

तुझं कार्ड मिळालं. पुढे बेर्गेनचा धक्का, रंगीत घरं, आणि मागे तुझ्या दोन ओळी: "आईच्या कपाटात माझी डिस्क आहे. लगेच पाठव." आई गेल्यावर एकोणचाळीस वर्षांची बाई आपल्या सख्ख्या बहिणीला पहिल्यांदा लिहिते, आणि तिला 'कशी आहेस' एवढंसुद्धा सुचत नाही. मी बरी आहे. गुडघा दुखतो. विचारलं नाहीस तरी सांगते.

डिस्क आहे. आईने तिच्या राखाडी लोकरीच्या मोज्यात गुंडाळून ठेवली होती, तशीच आहे. तिच्यावर आईने तुझ्यासाठी बोलून ठेवलंय, हे तिने तुला फोनवर सांगितलं ते मीही ऐकलं होतं, म्हणजे तुला सगळं माहीतच आहे. पण पोस्टाने पाठवायची म्हणजे जरा बघावं लागेल. आपल्या पोस्टात पार्सलं कशी आपटतात ते तू विसरलीस, मी विसरले नाही. थोडा धीर धर.

हाताने लिहितेय म्हणून अक्षराला हसू नकोस. कॉम्प्युटर सध्या लावत नाही मी. डोळ्यांना त्रास होतो.

पेपरात आईवर तू लिहिलंस ते छान होतं. मी म्हणत नाही, गाव म्हणतंय. दफनाच्या दिवशीच्या अंकात तुझा मजकूर डाव्या हाताला वर, आणि माझा पान उलटल्यावर. शेजारच्या बोरघिल्दुरने तुझा कापून फ्रिजवर लावलाय. त्या कात्रणाच्या पाठीवर माझा अर्धा मजकूर गेलाय आणि अर्धा कचऱ्यात. मी लिहिलं होतं की आई, तुला मासा सोलून दिला, पाठ चोळली, रात्री उठून उशी फिरवली. तू लिहिलंस की आई बर्फावर घसरून पडली की आधी हसायची आणि मग उठायची. लोकांना असलं आवडतं. पंधरा महिने जिने केलं तिचं कोण वाचतंय? पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते उगाच नाही.

दफनाच्या वेळी वादळ होतं, विमानं बंद होती, तू रेक्याविकमध्ये अडकलीस, हे सगळं मला मान्य आहे. पण वादळ दोन दिवसांत ओसरलं. तू तिथूनच परत फिरलीस. इथपर्यंत आली असतीस तर तुझी डिस्क तुझ्या हाताने नेली असतीस आणि आज मला हे पत्र लिहावं लागलं नसतं.

थोर्दिस


१४ मार्च

सोलरून,

दुसरं कार्ड मिळालं. या वेळी तीनच शब्द: "डिस्क कुठे आहे?" पोस्टाचं तिकीट वाया घालवायची हौस बघ.

डिस्क कॉम्प्युटरच्या खालच्या खणात आहे. खणाला कुलूप आहे आणि किल्ली सापडत नाहीये. मागच्या पत्रात मी मोज्यात आहे असं लिहिलं होतं हे मला आठवतंय, तू आठवण करून द्यायला नकोस. मोज्यातून ती खणात गेली. कशी गेली ते विचारू नकोस, घरात मी एकटीच असते.

काल गावच्या गरम पाण्याच्या कुंडात बसले होते, तर बोरघिल्दुर म्हणाली, "थोर्दिस, सोलरूनला पाठवलंस का गं ते आईचं बोलणं?" सगळं कुंड माझ्याकडे बघायला लागलं. शाळेचा मास्तर होता, चर्चची ऑर्गनवाली होती. म्हणजे तू बोरघिल्दुरलाही लिहितेस. तिला कार्ड लिहितेस की अख्खं पत्र? मी म्हटलं, "पाठवणार आहे, तिची डिस्क काय मी लोणी लावून खाणार आहे का?" सगळे हसले, मी पण हसले आणि लवकर उठून आले.

मला सारखा तो दिवस आठवतो, आपण आकुरेरीहून कॉम्प्युटर आणला तो. तुला एक हवा होता, मला एक हवा होता, आणि आई म्हणाली, घरात दोन डबडी नकोत. मग शाळेत कॉम्प्युटर बघणाऱ्या क्यार्तानने तोडगा काढला. एकच कॉम्प्युटर, पुढे दोन खण, प्रत्येकीची आपली डिस्क, मूठ धरून ओढली की बाहेर. वरचा खण माझा, खालचा तुझा. एकीने लावताना दुसरीचा खण बंद ठेवायचा, दोन्ही एकदम कधीच चालू करायचे नाहीत. क्यार्तान म्हणाला, "म्हणजे घर एक, पण बिऱ्हाडं दोन." आणि आईने दुकानात हट्ट धरून दोन्ही डिस्क एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या घ्यायला लावल्या, कोणाला कमी नको नि कोणाला जास्त नको. तिला वाटत होतं, माप सारखं असलं की झालं.

हो, तुझी डिस्क मी एकदा तुझ्यामागे लावली होती. बेर्गेनच्या नोकरीचा तुझा अर्ज मी वाचला आणि जेवणाच्या टेबलावर आईला सांगून टाकला, तू सांगायच्या आधी. तू त्या रात्री बॅग भरलीस. जाताना म्हणालीस, "माझ्या खणाला परत हात लावलास तर तू माझी कोणी नाहीस." आणि तुझी डिस्क माझ्याकडे नको म्हणून आईच्या हातात दिलीस. जशी काही मी शेजारीण.

मग गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. फोन स्वयंपाकघरात भिंतीवर, आणि स्वयंपाकघरात मी. आई रविवारी तुझ्याशी बोलायची ती काय, तर वारा कसा आहे आणि मेंढ्या कशा आहेत. एक दिवस म्हणाली, "थोर्दिस, सोलरूनचा खण लावून दे आणि जरा बाहेर जा." क्यार्तानने तिला शिकवलं होतं, लाल गोल दाबायचा आणि बोलायचं. रोज दुपारी चारच्या सुमाराला, बाहेर अंधार झाला की, मी तुझी डिस्क घालून द्यायची, तिला खुर्चीत बसवायची, पायांवर शाल टाकायची आणि दार लावून बाहेर यायचं. मी. तुझ्यासाठी.

दाराला कान लावत नव्हते मी. पण दार पातळ आहे. आतून हसायचा आवाज यायचा. पंधरा महिन्यांत आई माझ्यापाशी असं हसली नव्हती, सोलरून. मी तिच्यासाठी सूप ढवळत उभी, आणि ती एका पेटीसमोर बसून, जी समोर नाही तिच्याशी हसतेय. जळले मी. आता लिहूनच टाकते. आजही जळते.

किल्ली सापडली की कळवते.

थोर्दिस


३ एप्रिल

प्रिय सोलरून,

तू बसवाल्या गेस्तुरला पाठवलंस. बस गल्लीच्या तोंडाशी उभी करून, आत उतारू बसलेले असताना तो माझ्या दारात आला. "सोलरूनने डिस्क आणायला सांगितलंय. आकुरेरीला तिची मैत्रीण घेऊन जाईल." मी म्हटलं, ती क्यार्तानकडे दुरुस्तीला दिलीय. तो भला माणूस मान हलवून गेला आणि परतीच्या फेरीत सरळ शाळेत जाऊन क्यार्तानला विचारून आला. संध्याकाळी क्यार्तानचा फोन. "थोर्दिस, माझ्याकडे तू तीन आठवड्यांपूर्वी जी डिस्क आणली होतीस, ती तुझी आहे म्हणाली होतीस." तो म्हणाला, "तूच सांग तिला. मी सांगायच्या आत सांग."

तर ऐक. किल्ली कधीच हरवली नव्हती. ती माझ्या गळ्यात आहे. डिस्क पुसली गेलीय. आईचं बोलणं त्यावर नाही. कुठेच नाही.

दफनाच्या चौथ्या दिवशी मी मोज्यातून तुझी डिस्क काढली. तुला वचन वगैरे काही दिलेलं नव्हतं, तू फक्त धमकी दिली होतीस. सव्वीस तुकडे होते, प्रत्येकाला आईने तारीख दिली होती. मी तीन ऐकले. पहिल्यात रुबार्बच्या मुरंब्याला साखर कधी घालायची ते आहे, आणि तुझे जुने स्केट्स माळ्यावर डावीकडे आहेत. दुसऱ्यात तिच्या लहानपणी ती तळ्यावर गोठलेल्या बर्फातून कमरेपर्यंत आत गेली होती आणि आजोबांनी तिला वेताच्या टोपलीने बाहेर काढलं होतं, ती गोष्ट. ती गोष्ट सांगताना ती एवढी हसते की मधेच खोकला लागतो. मला ही गोष्ट कधी सांगितली नव्हती. तुला सांगितली होती का आधी?

मला तो आवाज हवा होता. तुला एकटीला का मिळावा? पाठवून द्यायच्या आधी मलाही एक प्रत हवी होती, बस. क्यार्तानने पूर्वी एक फ्लॉपी दिली होती, ती घातली की एक आख्खी डिस्क दुसरीवर उतरते. माझ्या डिस्कवर काय होतं? स्वेटरच्या गळ्यांचे नमुने, वीस वर्षांचे. ते कागदावर छापून घेतले आणि ठरवलं, जाऊ देत, माझी सगळी डिस्क पुसून तिथे आईला घेऊ. दोन्ही खण एकदम चालू केले, पहिल्यांदाच. पडद्यावर दोन डिस्क दिसल्या. नाव तेच, माप तेच, आईच्या हट्टामुळे. फक्त एक पहिली आणि एक दुसरी. खाली प्रश्न: पहिलीवरून दुसरीवर, की दुसरीवरून पहिलीवर?

मी क्षणभरसुद्धा थांबले नाही. मी थोरली, माझा खण वरचा, पहिली मीच. दुसरं कोण असणार? दुसरीवरून पहिलीवर, म्हणून दाबलं. पडद्यावर आलं की पहिलीवरचं सगळं पुसलं जाईल, नक्की का? मी नक्की म्हटलं. दोन तास लागले. मी कॉफी केली, एक बाही विणली. नंतर तुझा खण लावून बघितला तर आत माझेच गळे आणि बाह्या. वरचा खण लावला, तिथेही तेच.

क्यार्तान म्हणाला, "अगं, ते खालून मोजतं." एवढंच. खालचा खण पहिला. पाच वर्षं मी त्या यंत्रासमोर बसतेय आणि मला हे माहीत नव्हतं. त्याने दोन दिवस खटपट केली. काही परत आलं नाही.

मुद्दाम केलं का, असं तू विचारशील. मीही स्वतःला विचारलं. नाही केलं. पण तुझं म्हणून जे होतं त्यात हात घातला तो मुद्दामच घातला.

तिसऱ्या तुकड्यात आई काय म्हणाली ते तेवढं सांगते, कारण ते ऐकणारी आता मी एकटीच. ती म्हणाली, "माझ्या दोन्ही मुली मला सारख्या. एकीने मला सांभाळलं, एकीने मला हसवलं. कमी-जास्त काही नाही. तुम्ही दोघी एकमेकींना धरून राहा." अस्संच म्हणाली. बाकीचे तेवीस मी ऐकले नाहीत. शपथेवर सांगते, ऐकले नाहीत.

तुला काय वाटायचं ते वाटू दे.

थोर्दिस


१९ एप्रिल, उन्हाळ्याचा पहिला दिवस

प्रिय सोलरून,

कॅलेंडरात उन्हाळा लागला आणि दारात गुडघाभर बर्फ. बँडवाली पोरं तरीही चौकात वाजवून गेली, तोंडं लाल करून. तुझं पत्र गेल्या आठवड्यात आलं. या वेळी कार्ड नाही, पत्र, चार पानी.

मला वाटलं होतं शिव्या असतील. मी स्टुलावर बसून उघडलं, म्हटलं, उभ्याने झेपणार नाही. आणि तू लिहितेस की तू दोन दिवस रडलीस, मग ते वाक्य परत वाचलंस, की आईला आपण दोघी सारख्या, आणि तुझा राग गेला. "एवढी वर्षं मला वाटायचं की तू घरात आहेस म्हणून आई तुझीच झाली. मी गेले, मी हरले. तू नसतं सांगितलंस तर मला कधीच कळलं नसतं. जूनमध्ये पंधरा दिवस येते. माझी खोली झाडून ठेव, आणि कॉम्प्युटरला हात लावू नकोस." शेवटी एक हसरा चेहरा काढलायस, पेनने.

तू माझा हेवा करत होतीस. माझा. मी स्वयंपाकघरात उभी राहून जळत होते आणि तू बेर्गेनमध्ये बसून जळत होतीस. हे वाचून मला एवढं बरं वाटलं की तुझी खोली मी त्याच दिवशी झाडली. पडदे धुतले. बोरघिल्दुरला कुंडात सांगितलं, सोलरून येतेय. ती म्हणाली, "बघ, आईनेच मिटवलं शेवटी." आणि मी केस न पुसताच घरी आले.

कारण आईने काही मिटवलं नाही. ते वाक्य माझं आहे. मी बनवलं. दोन कच्चे कागद फाडून, तिसऱ्यावर जमलं. आईला 'एकमेकींना धरून राहा' असलं बोलता तरी आलं असतं का? तुला कसं कळलं नाही? ती कधी असं पाद्र्यासारखं बोलायची? तुझ्यासारखी हुशार बाई फसली, कारण तुला तसंच हवं होतं. मला पण तसंच हवं होतं.

मी गप्प बसू शकते. डिस्क पुसलेली, क्यार्तानला आतलं काही माहीत नाही. जूनमध्ये तू येशील, आपण तळ्यावर जाऊ, तू ते वाक्य कधीतरी म्हणून दाखवशील आणि मी मान हलवीन. चार दिवस हाच विचार करतेय. पण आईचं तेवढंच उरलंय, सोलरून, आणि ते माझ्या डोक्यात आहे, आणि मी त्यावरही माझंच उतरवलं. दुसऱ्यांदा तेच केलं. या वेळी खालून मोजतं म्हणायची सोय नाही.

तिसरा तुकडा तीस नोव्हेंबरचा होता. तो मी तीनदा ऐकला आणि म्हणूनच चौथा लावायचं धाडस झालं नाही. आता लिहिते, जसा आहे तसा. खोकला आहे तिथे खोकला लिहिते.

"सोलरून, लाल लागलं का हे? लागलं. हं. थोर्दिस बाहेर भांडी आपटतेय, म्हणजे ऐकतेय. आपटू दे. (हसते.) ती माझं सगळं करते गं. कोणाची मुलगी करणार नाही एवढं करते. आणि मी दिवसभर बरं झालं बाई, बरं झालं बाई म्हणत बसते. तोंड दुखतं माझं. (खोकला.) तिच्याशी भांडता येत नाही मला. सूप खारट झालं तरी छान आहे म्हणते. एवढं करणाऱ्या माणसाशी कसं भांडणार? तू असतीस तर एव्हाना दोनदा भांडण झालं असतं, मी तुला चमचा फेकून मारला असता, आणि मला घरात असल्यासारखं वाटलं असतं. इथे मी पाहुणी झालेय, सोलरून, माझ्याच घरात. तिला सांगू नकोस. ती मरेल ऐकून. तू ये. येऊन माझ्याशी भांड."

एवढंच. त्यानंतर खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि ती मला हाक मारते, "थोर्दिस, झालं माझं," असं गोड आवाजात, पाहुणे मारतात तसं.

यात एक शब्द माझा नाही. हे तुझं आहे, आणि आता तुझ्याकडे पोचलं.

थोर्दिस